मुंबईत गाडी शिकताय? आधी सरांचा पाय क्लचवरून काढायला लावा

मोटर ट्रेनिंग स्कूलमधे नाव घालताना आपण सगळं विचारतो, फी किती, गाडी कुठली, घराखालून पिकअप आहे का, लायसनचं काम तेच करतात का. पण एक गोष्ट कोणीच विचारत नाही. क्लासच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, तो नियमानेच असावा लागतो, आणि मुंबईत गाडी सिग्नलला बंद पडली की मागचे दोन सेकंदही थांबत नाहीत, लगेच हॉर्न, त्यामुळे बरेचसे सर पहिल्या दिवसापासून क्लच स्वतःच्याच पायाने सांभाळत बसतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, सांगितलं की गिअर टाकता, गाडी मस्त चालते आणि दहा-बारा दिवसांत वाटायला लागतं की आलं आपल्याला. मग घरची गाडी काढली की सोसायटीच्या गेटवरच दोन झटके आणि बंद. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं हेच झालंय, लायसन खिशात आहे आणि गाडी पाच वर्षं पार्किंगमधे धूळ खातेय, आणि यात त्यांची काही चूक नाही, त्यांना क्लच कधी शिकवलाच गेला नाही.

हे ओळखायचं कसं तर सोपं आहे. दोन्ही बाजूंचे पेडल आतून जोडलेले असतात, त्यामुळे सरांनी त्यांच्या बाजूचा क्लच दाबला की तुमच्या बाजूचा पण खाली जातो. डावा पाय क्लचवर हलकेच ठेवा आणि लक्ष द्या, तुम्ही दाबलेला नसताना पेडल तळव्याखालून खाली सरकला तर तो सरांनी दाबलाय. ब्रेकचं पण तसंच. दोन-तीन दिवस झाले, स्टिअरिंगची भीती जरा गेली की सरळ सांगा, सर, आजपासून क्लच पूर्ण माझ्याकडे, बंद पडली तर पडू दे, तुम्ही फक्त ब्रेकवर राहा. यात काही उद्धटपणा नाही, चांगल्या सरांना उलट बरं वाटतं. जे सर ऐकतच नाहीत, त्यांच्या ऑफिसमधे सांगून सर बदलून घ्या, पैसे तुम्ही भरलेत.

आता सुरुवातीपासून. क्लासच्या आधी लर्निंग लायसन लागतंच, त्याशिवाय रस्त्यावर स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही. वय १८ पूर्ण पाहिजे. परिवहनच्या सारथी साईटवर फॉर्म भरायचा, आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर परीक्षा घरी बसून ऑनलाईन देता येते, महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. १५ प्रश्न येतात, ९ बरोबर लागतात. बहुतेक प्रश्न चिन्हांचे आणि कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं याचे असतात. दोन संध्याकाळी बसून चिन्हं खरंच पाठ करा आणि परीक्षा स्वतःच द्या, दुसऱ्या कोणाला लॅपटॉपसमोर बसवू नका, कारण पुढे पक्क्या टेस्टला आरटीओचे साहेब हीच चिन्हं तोंडी विचारू शकतात आणि रस्त्यावर तर ती रोजच लागणार. चाळीशीच्या पुढे असाल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, तो आधीच करून ठेवा.

लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही. हे दोन आकडे धरून प्लॅन करा. म्हणजे लर्निंग आलं की लगेच क्लास, तो संपला की दोन-तीन आठवडे घरच्या गाडीवर सराव आणि मग टेस्ट. टेस्टची तारीख हवी तेव्हा मिळतेच असं नाही म्हणून क्लास अर्धा झाला की स्लॉट बघायला लागा, सहावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका.

क्लासबद्दल एक नियम फार जणांना माहीतच नसतो. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ प्रमाणे खासगी गाडीचं ट्रेनिंग कमीत कमी २१ दिवसांचं असलं पाहिजे आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं कमीत कमी १० तास. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांचे साडेदहा तास होतात, म्हणजे हिशोब जेमतेम बसतो. आता त्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं पुढच्या विद्यार्थ्याला आणायला त्याच्या बिल्डिंगखाली जाण्यात गेली, किंवा तुम्ही मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघत राहिलात, तर तुमचे दहा तास कुठून होणार? म्हणून नाव घालतानाच विचारा की गाडीत एका वेळी किती जण, अर्धा तास म्हणजे स्टिअरिंगवरचा अर्धा तास का, पाऊस पडला किंवा सर आले नाहीत तर तो दिवस पुढे धरतात का. शेवटी स्कूल फॉर्म ५ मधे सर्टिफिकेट देतं, ते मागून घ्या.

मॅन्युअलवर शिका. आपल्याकडे कारचं लायसन एकच, एलएमव्ही, त्यात ऑटोमॅटिक वेगळं असं काही नाही, त्यामुळे उद्या घरी ऑटोमॅटिक घेतली तरी तेच चालतं. पण शिकताना क्लच शिकून घेतलात तर कोणाचीही गाडी चालवता येते, आणि रात्री-बेरात्री कोणाला हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर शेजाऱ्यांची जी गाडी मिळेल ती काढता येते. मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

क्लच शिकायचा तर आधी ॲक्सिलरेटर विसरा. सपाट, मोकळा रस्ता घ्या, क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, ब्रेक सोडा आणि आता फक्त क्लच सोडत या, अगदी हळू, टाच जमिनीला टेकवून. एका जागी इंजिनाचा आवाज जरा जड होतो, बोनेट किंचित हलतं, स्टिअरिंगमधे बारीक थरथर येते, तिथेच पाय थांबवा. गाडी स्वतःहून सरकायला लागेल, रेस न देता. लोक याला हाफ क्लच म्हणतात. प्रत्येक गाडीत ही जागा वेगळी असते, क्लासची जुनी गाडी अगदी वर पकडते, घरची नवीन गाडी खालीच पकडते, म्हणून कुठल्याही नवीन गाडीत बसलात की पहिली पाच मिनिटं फक्त हेच करायचं. सरकवा, थांबवा, परत सरकवा. एक पूर्ण दिवस क्लासचा यात गेला तरी चालेल, कंटाळवाणं आहे पण पुढचं सगळं यावरच उभं आहे, आपलं ट्रॅफिक तर अर्धं पहिल्या गिअरमधेच चालतं.

मग चढ. मुंबईत चढ नाहीत असं वाटतं पण फ्लायओव्हर आहेत ना, आणि संध्याकाळी सगळे फ्लायओव्हर जाम. चढावर उभे आहात, पुढे टॅक्सी, मागे बाईकवाला तुमच्या बंपरला चाक लावून, आणि पुढची गाडी हलली. इथे घाबरायचं नाही. चढावर थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढलेला असू दे, ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी जागची हलणार नाही. निघायची वेळ आली की क्लच दाबून पहिला गिअर, थोडी रेस द्या, इंजिन हलकं गुरगुरलं पाहिजे, ओरडायला नको, आणि क्लच सोडत त्या पकडणाऱ्या जागेवर आणा. गाडीचं नाक किंचित वर उचललं जातं, सीटमधे बसल्याबसल्या कळतं ते, गाडी पुढे जायला बघतेय पण हँडब्रेकने धरून ठेवलीय. बस, आता हँडब्रेक सोडा आणि क्लच आणखी थोडा. गाडी एक इंचही मागे येत नाही. नाक उचललं नसेल तर हँडब्रेक सोडायचाच नाही, मागच्याला वाजवू दे हॉर्न. मागून हॉर्न वाजला म्हणून घाईने क्लच सोडला की गाडी बंद पडते आणि मग आणखी हॉर्न वाजतात, त्यापेक्षा चार सेकंद जास्त लागले तर लागले.

हा चढाचा सराव सरांकडून वेगळा मागून करून घ्या, किमान दोन दिवस तरी. दक्षिणेकडे राहत असाल तर मलबार हिलचे रस्ते आहेत, पेडर रोडचा चढ आहे, तिथे सकाळी लवकर. उपनगरात आरे कॉलनीतले चढउतार चांगले, फक्त तिथे रस्ता अरुंद आणि सकाळी चालायला येणारी माणसं भरपूर, वेग अजिबात नको. आणि टेस्टच्या नियमांत पण हे लिहिलेलंच आहे की चढावर थांबून, मागे न येता गाडी परत काढता आली पाहिजे.

घरच्या गाडीवर सराव करायचा तर शेजारी पक्कं लायसनवाला माणूस हवाच, आणि पुढच्या सीटवर, म्हणजे वेळ पडली तर त्याचा हात हँडब्रेकपर्यंत पोचला पाहिजे. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल. हे फक्त पोलिसांसाठी नाही, शेजारी लायसनवाला नसताना काही लागलं-धडकलं तर इन्शुरन्सचा क्लेम अडकतो. कोणाला बसवायचं हेही नीट ठरवा. बाबा किंवा काका पंचवीस वर्षं गाडी चालवतायत म्हणून त्यांना शिकवता येतंच असं नाही, जो माणूस अरे ब्रेक ब्रेक म्हणून ओरडतो त्याच्या शेजारी शिकूच नका. घरात एखादी शांत ताई, वहिनी, मामा असेल तर त्यांना पटवा. आधीच सांगून ठेवायचं की मला फक्त दोनच गोष्टी सांगा, थांब आणि डावीकडे घे, बाकीचं घरी गेल्यावर बोलू.

जागा म्हणाल तर रविवारी सकाळी बीकेसीचे आतले रस्ते आणि बॅलार्ड इस्टेट जवळपास रिकामे असतात, ऑफिसं बंद असल्यामुळे. दादर-माटुंग्याकडे फाईव्ह गार्डनचा परिसर वळणं शिकायला छान. हायवेची घाई करू नका.

आणि मुंबईत गाडी शिकताना खरं शिकायचं असतं ते डावीकडचा आरसा बघणं. पुस्तकात ओव्हरटेक उजवीकडून असतो, इथे बाईकवाले डावीकडून येतात, रिक्षा डावीकडून येते, बसमधून उतरलेली माणसं डावीकडे असतात. स्टॉपला बेस्टची बस उभी असेल तर तिच्या पुढून माणूस धावत येणार हे धरूनच चाला, वेग कमी, पाय ब्रेकवर. डावीकडे वळायच्या आधी इंडिकेटर, आरसा, आणि मान वळवून एकदा प्रत्यक्ष बघणं, तिन्ही. आरशात दिसत नाही असा एक पट्टा असतोच आणि बाईक नेमकी तिथेच असते. सरांना सांगून एक दिवस उभ्या गाडीत बसून बघा, सर बाहेर गाडीच्या बाजूने मागून पुढे चालत येतील आणि तुम्ही फक्त आरशात बघायचं, कुठे गायब होतात ते कळेल. दहा मिनिटांचं काम आहे, पण एकदा बघितलं की मान आपोआप वळायला लागते.

पावसाळ्यात क्लास लावू नका असं लोक सांगतात, माझं मत उलटं आहे. सर शेजारी असताना, त्यांचा ब्रेक असताना पावसात चालवून घेतलं तर तेच चांगलं, नंतर एकट्याने पहिल्यांदा पावसात सापडण्यापेक्षा. काच आतून धुकट झाली की एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, हेडलाईट लावायचे, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. हजार्ड लाईट लावून चालवायचं नाही, मग तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. आणि हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणी पाणी भरलं असेल तर पुढची गाडी गेली म्हणून आपण जायचं नाही. पाण्यात बंद पडलीच तर परत स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असलं तर त्या एका स्टार्टने इंजिन जातं. उतरा, ढकलून बाजूला घ्या, मेकॅनिकला बोलवा.

रिव्हर्सला लोक उगाच घाबरतात. यात वेग नावाची गोष्टच नाही, सगळं त्या हाफ क्लचवर. रेस द्यायची नाही, गाडी माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीची मागची बाजू डावीकडे जाते, एवढं डोक्यात ठेवा. आणि मागे जाताना पुढचं नाक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं, बिल्डिंगच्या खांबांना गाड्या घासतात त्या यामुळेच. सोसायटीत दोन कुंड्या ठेवून त्यांच्या मधे गाडी लावायचा सराव करा, कुंडी पडली तर कळतंच. काही कळेनासं झालं तर थांबा, पुढे घ्या, परत करा.

आता टेस्ट. सहसा तुमचा पत्ता ज्या आरटीओत येतो तिथे, ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, म्हणजे एमएच ०१, ०२, ०३ आणि ४७. नेमकं काय करून घेतात ते आरटीओप्रमाणे आणि साहेबांप्रमाणे बदलतं, कुठे आठचा आकडा, कुठे रिव्हर्स, कुठे नुसतं रस्त्यावर नेऊन. म्हणून आदल्या आठवड्यात एकदा सकाळी तिथे जाऊन नुसतं उभं राहून बघा, दुसऱ्यांची टेस्ट कशी घेतायत, गाड्या कुठून निघतात, चढ आहे का. अर्ध्या तासात निम्मी भीती जाते.

ज्या गाडीवर टेस्ट देणार तीच गाडी आदल्या दिवशी अर्धा तास चालवायला मागा, क्लासच्या दुसऱ्याच गाडीवर बसवलं तर क्लचची जागा बदलते आणि चांगल्या शिकलेल्या माणसाचीही गाडी पहिल्याच झटक्यात बंद पडते. बरोबर ओरिजिनल लर्निंग, आधार, अपॉइंटमेंटची प्रिंट, आणि गाडीची आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. तारखा स्वतः बघा, पीयूसी संपलेली असते आणि कोणाचं लक्ष नसतं. एल लावलेला पाहिजे. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, सटकणारी सपाता नको.

गाडीत बसलात की घाई करू नका, साहेब बघत असतात ते हेच. सीट पुढे-मागे करा, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तिन्ही आरसे. बेल्ट. गिअर न्यूट्रलला आहे ना हलवून बघा, मग स्टार्ट. निघताना उजवा इंडिकेटर, आरसा, मान वळवून नजर, आणि मग हँडब्रेक. आधीच्या माणसाने आरसे कसेही फिरवून ठेवलेले असतात त्यामुळे हे नाटक म्हणून करायचं नाही, खरंच लागतं. हाताचे सिग्नल पण येऊ द्या, डावीकडे, उजवीकडे, थांबतोय, कधीकधी विचारतात. गाडी बंद पडली तर संपलं असं समजू नका, ब्रेक दाबा, न्यूट्रल, स्टार्ट, परत काढा, शांतपणे. मागे घरंगळणं, इंडिकेटर न देता वळणं, बेल्ट विसरणं, याने जास्त नुकसान होतं.

टेस्टच्या वेळी शेजारी क्लासचे सर बसले असतील तर त्यांचे पाय पेडलपासून लांब ठेवायला सांगा. हे मी मनापासून सांगतेय. त्यांना वाटतं आपला विद्यार्थी पास व्हावा, प्रेमाने करतात, पण मग लायसन मिळतं आणि गाडी चालवता येत नाही, आणि मुंबईच्या रस्त्यावर तुमच्यासमोर शाळेतून सुटलेली पोरं असतात. तसंच टेस्ट न देता लायसन करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर नको म्हणा, अर्ज ऑनलाईन आहे, फी ऑनलाईन आहे, तुम्हाला स्वतःला सगळं करता येतं.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, फी परत भरावी लागते. तीनदा झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. नापास झाल्या झाल्या साहेबांना नीट विचारा, सर नेमकं काय चुकलं, बहुतेक वेळा सांगतात, आणि त्या सात दिवसांत फक्त तेवढंच घोटून घ्या.

पास झालात की कार्ड पोस्टाने घरी येतं, त्यामुळे अर्जातला पत्ता, बिल्डिंगचं नाव, विंग, सगळं बरोबर असू दे. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधे लायसन दिसायला लागलं की ते चालतं. आणि लगेच गाडी काढा, पहिल्या आठवड्यात, महिनाभर थांबलात की पाय विसरतो. पहिला एकट्याचा रूट आदल्या दिवशी ठरवून ठेवा, शक्यतो सगळी वळणं डावीकडची, समोरून येणाऱ्या गाड्या तोडून जायला लागत नाही, सकाळी सातच्या आत, आणि शेवटी पार्किंगला मोकळी जागा असेल अशा ठिकाणी जा. फोन सायलेंट करून मागच्या सीटवर टाका. मागच्या काचेवर एल अजून महिनाभर राहू द्या, काढायची काही घाई नाही, मागचे लोक अंतर ठेवतात त्याने.